माझ्या पुतणीचा रंग

कुसुम मेश्राम मॅडम यांचं नाव मी आधी लिहून टाकतो. या प्रकरणात पुढे जी माणसं येणार आहेत त्यांच्याबद्दल लिहिताना माझं तोंड कडू होणार आहे, आणि त्या माणसांत मीही आहे. निदान सुरुवात तरी स्वच्छ नावाने व्हावी. मॅडम आम्हाला घाटंजीच्या ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायच्या. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. मी बी.एस्सी. झालो, बी.एड. केलं, आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं आणि आता पेन्शनीत बसलो आहे, ते सगळं त्यांच्यामुळे. लोकांना वाटतं त्यांनी फॉर्म भरून दिले, पुस्तकं दिली, म्हणून मी असं म्हणतो. ते तर त्यांनी केलंच. पण मी त्यांचं नाव घेतो ते त्या मला एकदा फार वाईट शब्दांत बोलल्या त्याबद्दल. ते बोलणं कशावरून झालं हे सांगायला मला आमच्या घरात शिरावं लागेल.

घर कापसाच्या जिनिंगच्या मागच्या गल्लीत होतं. दोन खोल्या आणि पुढे टिनाची छपरी. दिवाळीपासून होळीपर्यंत जिनिंगची घरघर भिंतीतून यायची, ताटातल्या वरणावर बारीक लहरी उठायच्या. भोंगा झाला की बाबा घरी येत. त्यांच्या भुवयांवर, पापण्यांवर कापसाचा भुरका बसलेला असे आणि अंगाला सरकीचा कोमट वास. बाबा जिनिंगमध्ये ग्रेडरच्या हाताखाली होते. बैलगाडी आत आली की ढिगाच्या पोटात हात घालून मूठभर कापूस काढायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून धागा ओढायचा, उन्हाकडे करून रंग पाहायचा आणि एका शब्दात सांगायचं. जो कापूस किडका, डागाळलेला, पिवळट निघे त्याला आमच्याकडे कवडी म्हणतात. बाबांचा हात म्हणजे हात होता. ग्रेडरसुद्धा त्यांच्या तोंडाकडे पाहूनच दर्जा बोलायचा. या गोष्टीचा त्यांना अभिमान होता आणि तो योग्यच होता. पण हळूहळू ते सगळंच तसं पाहायला लागले. वांगी, लुगडी, म्हशी, माणसं.

माणसांच्या बाबतीत आमच्या घराची एक समजूत होती, की आपण गोरे आहोत. बाबा गोरे, माय गोरी, माझा मोठा भाऊ मधुकरदादा गोरा आणि मीही. बाबांची विधवा बहीण गोदाआत्या आमच्याकडेच राहायची. तिचं सगळं बोलणं याच एका गोष्टीभोवती फिरायचं. दादासाठी मारेगावची निर्मला पाहायला गेलो तेव्हा आत्याने तिला बांगड्या वर सरकवायला लावल्या, मग पोलक्याची बाही वर करायला लावली. "तोंडाले पावडर लावते लोक," ती सगळ्यांसमोर म्हणाली, "कोपराच्या वर ऊन लागत नाई, तिथं खरा रंग दिसते." मुलीचे वडील तिथे बसलेले होते. शिवणकाम करणारा साधा माणूस. त्यांनी मान खाली घातली. मी तेव्हा चिवडा खात होतो आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आज ते आठवलं की तो चिवडा घशाशी येतो.

निर्मलावहिनी घरात आल्या आणि स्वयंपाकाला चव आली. अंबाडीची भाजी मायच्या हातची मी वर्षानुवर्षं खाल्ली होती, पण वहिनी त्यात ज्वारीच्या कण्या घालून वरून लसणाची फोडणी द्यायच्या आणि मी दोन भाकरी जास्त खायचो. मी अभ्यासाला बसलो की त्या जाता येता वही उघडून बघायच्या. त्यांची शाळा सातवीला सुटली होती. "भाऊजी, हे काय काढलं? बेडूक हाय का पोट फाटलेला माणूस?" असं विचारायच्या आणि मी मोठ्या ऐटीत समजावून सांगायचो. त्या घरात माझ्या शिक्षणाबद्दल खरी उत्सुकता असलेलं ते एकच माणूस होतं. हे मुद्दाम लिहितो.

पहिलं बाळंतपण माहेरी झालं. मुलगी झाली. बारशाला आत्या मारेगावला जाऊन आली आणि छपरीत पाय धुता धुताच बोलली, "आता लालगुलाबी दिसून राह्यली. पण म्या कानाची पाळी उलटवून पाह्यली. काळी हाय." हा आमच्याकडचा जुना रिवाज आहे. तान्ह्या मुलाचा कान दुमडून पाळीची कड पाहायची, तो पुढचा खरा रंग. तीन महिन्यांनी वहिनी मुलीला घेऊन घरी आल्या तेव्हा कान उलटवायची गरज उरली नव्हती. मुलगी चांगली सावळी, सावळीच्याही पुढची होती. तरी गल्लीतली जी बाई पाहायला येई ती आधी कानालाच हात घाली. कोणाच्या बोटाला तेल, कोणाच्या बोटाला राखुंडी, कोणी शेण काढता काढता आलेली. आठ दिवसांत तो कान चिघळला. त्यातून पिवळं पाणी यायला लागलं आणि मुलीला जवळ घेतलं की आंबूस वास यायचा. वास येतो म्हणून बायका नाकाला पदर लावायच्या आणि पदर लावूनच दुसरा कान पाहायच्या.

मग आत्याने तिला घासायला घेतलं. डाळीचं पीठ, साय, हळद यांचा घट्ट गोळा करायचा आणि तो अंगावरून फिरवायचा. हे सगळीकडेच करतात, लव जावी म्हणून. पण आत्या ते रोज दोनदा करायची आणि जोर लावून करायची. मांड्यांच्या घड्यांत, मानेखाली, काखेत. मूल रडून रडून आवाज न करता नुसतं तोंड उघडायचं. गोळा मळाने काळा झाला की आत्या तो सगळ्यांना दाखवायची. "पाय, पाय, कसा रंग निंगून राह्यला!" बाबा तो गोळा हातात घेऊन कापसासारखा बोटांत चुरून बघायचे. नंतर तो मोरीच्या तोंडाशी टाकला जाई आणि गल्लीतलं कुत्रं येऊन खाई. चौथ्या-पाचव्या दिवशी मानेखालची कातडी गेली. तिथे ओलं लाल मांस दिसायला लागलं. वहिनी म्हणाल्या, "आत्याबाई, सोलून निंगाली पोरगी. आता बस करा." आत्या म्हणाली, "तूच पोटात असताना चांगलं खाऊन गोरी केली असती, तं मले कायले सोला लागलं असतं?" माय चुलीपाशी बसून हे ऐकत होती. तिने चुलीत लाकूड सरकवलं. मी त्या दिवसानंतर डाळीच्या पिठाचं काही खाऊ शकलेलो नाही. झुणक्याचा वास आला की मी उठून बाहेर जातो. माझ्या बायकोने लग्नानंतर दोन वर्षांनी कारण विचारणं सोडून दिलं.

संक्रांतीनंतरच्या एका दुपारी बाबा जेवायला आले आणि जेवण झाल्यावर तसेच बसून राहिले. दादा होता, आत्या होती. वहिनी आत भाकरी थापत होत्या, त्यांना सगळं ऐकू जात होतं आणि ते सगळ्यांना माहीत होतं.

"कवडी निंगाली," बाबा म्हणाले. ते स्वतःच्या नातीबद्दल बोलत होते. "सरकी शुद्ध असली तं शेत एकसारखं फुटते. एखादं बोंड येगळं आलं, का समजाव भेसळ हाय."

"मी काई म्हणत नाई बाप्पा कोणाले," आत्या म्हणाली. "पण मारेगावच्या घरी कोणाचं येणं-जाणं होतं, ते विचारा."

"आत्या, तू गप राय," दादा म्हणाला.

"मी गप राह्यल्यानं पोरगी गोरी होते काय?"

 दादा चिडला होता, पण कोणावर ते त्याला ठरवता येत नव्हतं. मग बाबा माझ्याकडे वळले. "परभाकर, तू सायन्सचा हायस. पुस्तकात काय देल्लं? दोन गोऱ्याइले काळं लेकरू होते काय?"

माझ्या आयुष्यात बाबांनी मला पहिल्यांदा काही विचारलं होतं. तोपर्यंत मी त्यांच्यासाठी फक्त फी होतो. मी आतून वही आणली. महिन्यापूर्वीच वाटाण्याच्या झाडांचा धडा झाला होता. उंच झाड, बुटकं झाड, दोन बुटक्यांपासून फक्त बुटकंच. मी चौकोन काढला, चार घरं केली. बुटक्याच्या जागी गोरा लिहिलं, उंचाच्या जागी काळा. चारही घरांत गोरा आला. मी वही उचलून सगळ्यांना दाखवली आणि पुस्तकी मराठीत म्हणालो, "शास्त्राप्रमाणे हे होऊ शकत नाही."

आत तव्यावर भाकर जळल्याचा वास आला. वहिनी पिठाच्या हातांनी दारात आल्या. त्यांनी कोणाकडेच पाहिलं नाही, फक्त माझ्याकडे.

"भाऊजी, हे पुस्तकात लिहेल हाय?"

"हो वहिनी."

"मानसाचं लिहेल हाय का झाडाचं?"

"झाडाचं आहे. पण नियम सगळीकडे एकच असतो."

त्या आत गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा त्यांना एस.टी. स्टँडवर सोडून आला. पेटी, गाठोडं आणि मानेला कापसाचा बोळा लावलेली मुलगी. बाबांनी दोन-तीन दिवसांत जिनिंगमध्ये सांगितलं, की आमचा लहाना पोट्टा सायन्सला हाय, त्यानं दोन मिनिटांत काढून देल्लं. ते ऐकून मला काय वाटलं हे लपवत नाही. मला बरं वाटलं. छाती फुगली. महिनाभर ती तशीच फुगलेली होती. हे लिहिताना मला माझ्याच हाताची किळस येते.

इथे जरा थांबतो. माझ्या वयाचे लोक म्हणतील, तो काळ तसा होता. गेल्या महिन्यात आमच्या नात्यातल्या एका मुलासाठी स्थळ आलं, मोबाईलवर फोटो आला. मुलगा इंजिनिअर, पुण्यात नोकरी. त्याने दोन बोटांनी पडद्यावर त्या मुलीचं मनगट मोठं केलं, मग मान मोठी केली, आणि म्हणाला, "चेहऱ्यावर फिल्टर आहे काका, हातावर लावायला विसरले." सगळे हसले. मी ताट तसंच ठेवून उठलो. काळाला उगाच नावं ठेवू नयेत.

वार्षिक परीक्षा जवळ आली तेव्हा मॅडमनी तो धडा पुन्हा घेतला. तास संपल्यावर मी त्यांच्याकडे गेलो. शाबासकी मिळवायलाच गेलो होतो. "मॅडम, मी हे घरी प्रत्यक्ष वापरलं," असं म्हणून मी सगळं सांगितलं. मॅडम डस्टर झटकत होत्या. त्यांचा हात मध्येच थांबला. त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग पाठ्यपुस्तक माझ्या हातात दिलं.

"दाखव."

"काय मॅडम?"

"माणसाच्या रंगाबद्दल हे लिहिलंय ते पान दाखव."

मी पानं उलटली. असं पान नव्हतं हे मला माहीत होतं, तरी मी शेवटपर्यंत उलटली.

"हलकट आहेस तू," मॅडम म्हणाल्या. हा शब्द त्यांच्या तोंडून मी आधी कधी ऐकला नव्हता, नंतरही नाही. "अडाणी माणूस संशय घेतो तेव्हा निदान तो संशय असतो. तू त्याला शास्त्राचा शिक्का मारून दिलास. एका बाईला घराबाहेर काढलंस आणि साक्षीला वाटाण्याचं झाड उभं केलंस. मी हे शिकवलं तुला?"

 मी नळावर जाऊन तोंड धुतलं आणि परत आलो, कारण जाऊ का असं विचारायचीही हिंमत नव्हती. मॅडम म्हणाल्या, "मैदानातल्या चिंचेखालून चिंचोके घेऊन ये. तीन पुरतील."

त्यांनी प्रयोगशाळेतल्या दगडी ओट्यावर ते फोडले. चिंचोका मधोमध फुटला की त्याच्या प्रत्येक फाकीची एक बाजू काळपट सालीची असते आणि एक पांढरी. अष्टचंगा खेळायला कवड्या नसल्या की आमच्याकडे हेच वापरतात. सहा फाकी झाल्या. मग त्यांनी मला हात पुढे करायला सांगितलं आणि त्याखाली पांढरा कागद सरकवला.

"हा गोरा? तू गव्हाळ आहेस. तुझा भाऊ?"

"माझ्यासारखाच."

"आणि वहिनी?"

"तशाच."

"म्हणजे तुमच्या घरात गोरं कोणी नाहीच. सगळे मधले. आता ऐक. वाटाण्याची उंची जनुकांच्या एका जोडीवर ठरते, म्हणून चार घरांत भागतं. माणसाचा रंग एका जोडीवर ठरत नाही. पुष्कळ जोड्या असतात आणि प्रत्येक जनुक थोडा थोडा रंग टाकतं. आपण तीनच जोड्या धरू. तुझ्या भावाकडे प्रत्येक जोडीत एक काळा, एक पांढरा. वहिनीकडेही तसंच. म्हणून दोघं मधले दिसतात. मूल होताना प्रत्येक जोडीतला एकच पुढे जातो. कोणता, ते कोणाच्या हातात नाही. हे तीन तुझ्या भावाचे, हे तीन वहिनीचे. टाक."

मी टाकले. तीन काळे, तीन पांढरे. पुन्हा टाकले. चार आणि दोन. मॅडमनी शंभर वेळा टाकायला लावले आणि प्रत्येक वेळचा आकडा लिहायला लावला. तीन-तीन सगळ्यांत जास्त वेळा पडले. दोन-चारही पुष्कळ. पाच काळे आठ-नऊ वेळा. आणि सहाच्या सहा काळे दोनदा. पहिल्यांदा ते पडले तेव्हा मी त्यांच्याकडे पाहतच राहिलो. काही मिसळलं नव्हतं, बाहेरून काही आलं नव्हतं. त्याच सहा फाकी होत्या.

"खरे आकडे याहून मोठे आहेत," मॅडम म्हणाल्या. "किती जनुकं मिळून रंग ठरवतात हे मलाही नेमकं माहीत नाही. आणि त्यात ऊन वेगळं. पण तुला आज इतकं पुरे. घरी जा आणि जिथे चौकोन काढलास तिथेच बसून हे कर." दुसऱ्या दिवसापासून त्या लांब रजेवर जाणार होत्या, वणीला त्यांची आई आजारी होती. त्यांनी कागदावर पत्ता लिहून दिला. "काय झालं ते पत्राने कळव. तोंडी सांगताना माणूस स्वतःला वाचवत सांगतो. लिहिलेलं पुन्हा वाचावं लागतं."

रविवारी बाबा घरी होते. मी छपरीत बसलो आणि सगळ्यांना बोलावलं. आधी म्हणालो, "मी चुकीचं सांगितलं होतं." मग चिंचोके काढले.

आत्या मोठ्याने हसली. "बाप्पा, आता अष्टचंगा खेळून पोरगी कोणाची ते ठरवा लागते काय?"

"पोट्टे लोकाइचे खेळ हायत," बाबा म्हणाले. पण समजावून झाल्यावर त्यांनी हात पुढे केला. काही हातात घेऊन पाहायचं असलं की त्यांना राहवत नसे. ते टाकत राहिले. वीस-पंचवीस वेळा झाल्यावर एकदा पाच काळे पडले. बाबांनी ते उचलले नाहीत. मग म्हणाले, "हे बियाचं झालं. आपल्या घरात काळा आला कुठून? माह्या सात पिढ्याइत कोणी नाई."

"माह्याकडून," माय म्हणाली.

ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. आम्ही सगळे वळलो.

"माहा बाप चुलीवरच्या तव्यासारखा होता. तुमी त्याले पाह्यलं नाई, लग्नाआधीच गेलता. माह्या मायनं निंगताना सांगतलं, सासरी बापाचं नाव काढजो, रंग नोको काढजो."

"इतके वर्स बोलली नाई?" बाबा म्हणाले.

"तुमी कोपर पाह्यलं माहं. बाप कोणी विचारला?"

आत्या उठून मोरीत गेली आणि नसलेली भांडी घासायला लागली. दादा भिंतीकडे पाहत म्हणाला, "मंग आता?" बाबांनी चिंचोके एका बाजूला लोटले. "आता जा अन् घेऊन ये. यालेई ने संगं. यानंच घाण केली." ते बरोबर होतं, फक्त घाण करणाऱ्यांत त्यांनी स्वतःला धरलं नव्हतं.

मायबद्दल मला त्या दिवशी काय वाटलं ते सांगणं अवघड आहे. तिने खरं बोलून वहिनींना सोडवलं असं पुढे नात्यात सांगितलं गेलं. पण ती मुलगी सोलली जात होती तेव्हा माय दोन हातांच्या अंतरावर बसलेली होती. तिला माहीत होतं हा रंग कुठून आला ते. तिने आपली जागा सांभाळली. मी पुष्कळ वर्षं तिच्या हातचं पाणीसुद्धा नीट प्यायलो नाही. आता ती नाही. आता मला इतकंच दिसतं की सतरा-अठरा वर्षांची एक मुलगी बापाचा रंग लपवायचा निरोप घेऊन त्या घरात शिरली होती, आणि त्या घराने तिला तो शेवटपर्यंत लपवायला लावला. तरीही राग पूर्ण गेलेला नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो. निर्मलावहिनी घाटंजीच्या घरात पुन्हा राहायला आल्या नाहीत. दोन वर्षांनी दादानेच मारेगावला खोली केली आणि तिकडे काम धरलं. माझी पुतणी सुषमा तिथेच वाढली. पण हे सगळं नंतरचं. आम्ही दोघं भाऊ आणायला गेलो त्या दिवशी काय झालं ते मी मॅडमना लिहिलं होतं. त्या पत्राचा कच्चा मजकूर माझ्या प्रयोगवहीत राहिला. शुद्धलेखन तेवढं सुधारून तो जसाच्या तसा देतो.

आदरणीय मॅडम यांना सविनय नमस्कार.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे लिहीत आहे. काल मी आणि दादा मारेगावला गेलो. पोचायला दुपार झाली. वहिनींच्या वडिलांनी आम्हाला आत या म्हटलं नाही. दादा पायरीवर बसला, मी उभा राहिलो. मी त्यांना सांगितलं की माझी चूक झाली, आणि तुम्ही शिकवलं ते सगळं करून दाखवलं. त्यांना ते लवकर समजलं. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी शिलाई मशीन सोडून शेजाऱ्यांना हाका मारल्या. मला तेच पुन्हा सांगायला लावलं. मी चार वेळा सांगितलं. लोक मान डोलवत होते. मॅडम, खरं लिहितो, मला तेव्हा पुन्हा चांगलं वाटायला लागलं होतं.

वहिनी मागच्या अंगणात कपडे धूत होत्या. त्यांनी चारही वेळा ऐकलं असणार. लोक गेल्यावर त्या हात पुसत आल्या आणि मला म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या शास्त्रात बसली म्हणून पोरगी तुमची झाली. नसती बसली तं तिचं कातडं सोलाची परवानगी होती काय?"

  दादा म्हणाला, चल घरी. वहिनी म्हणाल्या, मी येत नाही. त्यांचे वडील त्यांना समजवायला लागले, की आता तर सगळं निपटलं, पाहुणे स्वतः आले. त्या म्हणाल्या, "तुमचं निपटलं असन बाबा."

मी त्यांच्या पाया पडलो आणि माफी मागितली. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत आणि मला उठही म्हटलं नाही. मग म्हणाल्या, "मले कायले माफी मांगता? जिची मान सोलली ती आत निजून हाय. ती बोलाले लागली, का या. तिले मांगा."

आम्ही संध्याकाळच्या गाडीने परत आलो. निघताना दारातून मुलगी दिसली. मानेची जखम भरत आली आहे, नवीन कातडी आली आहे, ती आधीच्याच रंगाची आहे. मॅडम, ती अजून पाच महिन्यांची आहे.

आपला विद्यार्थी,
प्रभाकर